शाळेचा बाँड आणि घरपट्टीतली ती ओळ : कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांचे नेहमीचे प्रश्न

ऑक्टोबरात कौंटीचं घरपट्टीचं बिल येतं, त्याच सुमारास मतपत्रिकाही टपालपेटीत पडते आणि दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, "अरे, हे शाळेचं मेझर काय आहे? हो म्हणायचं की नाही?" मेझर म्हणजे मतपत्रिकेवरचा स्थानिक प्रस्ताव, आणि शाळेचं असेल तर बहुधा बाँडचा, म्हणजे रोखे विकून इमारतींसाठी कर्ज काढायचा. पार्किंगमध्ये उभं राहून उत्तरं देऊन झाली, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो आहे. मी कर सल्लागार नाही. ईस्ट बेमध्ये बरीच वर्षं घरपट्टी भरणारा, स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, सभांना मागच्या रांगेत बसणारा साधा माणूस आहे.

बिलावर शाळेच्या नावाची ओळ असते, ती कसली?

बिलात "टॅक्स-रेट ब्रेकडाउन" नावाचा एक चौकोन असतो. सगळ्यात वर 1 टक्क्याचा मूळ कर. त्याच्याखाली बारीक अक्षरात शून्य पूर्णांक शून्य काहीतरी अशा दरांची रांग : तुमचं स्कूल डिस्ट्रिक्ट, कम्युनिटी कॉलेज, आमच्याकडे बार्ट ही लोकल रेल्वे, प्रादेशिक उद्यानं. खालच्या या ओळींपैकी जवळपास प्रत्येक ओळ म्हणजे कधीतरी मतदारांनी "हो" म्हटलेलं कर्ज. शाळेची ओळ म्हणजे शाळांच्या इमारतींसाठी काढलेल्या रोख्यांचा त्या वर्षीचा हप्ता, तुमच्या घराच्या वाट्याला आलेला.

म्हणजे कर्ज नेमकं कोण काढतं आणि फेडतं कोण?

डिस्ट्रिक्ट काढतं, घरमालक फेडतात. मतदारांनी मंजुरी दिली की डिस्ट्रिक्ट ती सगळी रक्कम एकदम उचलत नाही. बांधकाम जसं पुढे सरकेल तसे रोखे टप्प्याटप्प्याने विकले जातात, त्याला सीरीज ए, सीरीज बी म्हणतात. विकत घेणारे म्हणजे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, पैसेवाले गुंतवणूकदार. या रोख्यांच्या व्याजावर साधारणपणे केंद्राचा आयकर लागत नाही, म्हणून ते कमी व्याजावरही खुशीने घेतात. कौंटी दरवर्षी त्या वर्षीच्या हप्त्याला लागेल तेवढा दर काढते आणि तुमच्या बिलात घालते. डिस्ट्रिक्टच्या रोजच्या खर्चाशी, शिक्षकांच्या पगाराशी हा पैसा मिसळत नाही. त्याचं खातंच वेगळं.

पण कॅलिफोर्नियात 1 टक्क्यापेक्षा जास्त कर लावता येत नाही ना?

ही समजूत अर्धी खरी आहे. 1978 च्या प्रपोझिशन 13 ने (प्रपोझिशन म्हणजे राज्यभर मताला टाकलेला प्रस्ताव) मूळ कर घराच्या असेस्ड व्हॅल्यूच्या, म्हणजे करासाठी धरलेल्या किमतीच्या, 1 टक्क्यावर बांधला आणि ती व्हॅल्यू वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये असं ठरवलं. घर विकलं गेलं की मात्र नव्या किमतीवर मोजणी. त्यानंतर काही वर्षं स्थानिक शाळांना घरपट्टीतून फेडायचं असं कर्ज काढायची वाटच उरली नव्हती. 1986 मध्ये प्रपोझिशन 46 ने ती उघडली : मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जाचा हप्ता 1 टक्क्याच्या वर लावता येईल, पण दोन-तृतीयांश मतं हवीत.

दोन-तृतीयांश म्हणजे शंभरातल्या चौतीस जणांनी नाही म्हटलं की संपलं. बहुमत असूनही अनेक मेझरं पडायची. नोव्हेंबर 2000 मध्ये प्रपोझिशन 39 आलं आणि शाळांच्या बाँडसाठी ही अट 55 टक्क्यांवर आली. गंमत अशी की खुद्द त्या प्रपोझिशनला सुमारे 53 टक्केच मतं पडली. राज्यघटना बदलायला साधं बहुमत पुरलं, शाळेचं छप्पर बदलायला मात्र 55 लागतात.

या सवलतीबरोबर अटीही आल्या. कामांची यादी आधी जाहीर करायची, दरवर्षी हिशेबाची आणि कामाची अशा दोन तपासण्या करायच्या, नागरिकांची देखरेख समिती नेमायची, आणि करावर मर्यादा : युनिफाइड, म्हणजे प्राथमिक आणि हायस्कूल एकत्र असलेलं, डिस्ट्रिक्ट असेल तर असेस्ड व्हॅल्यूच्या दर एक लाख डॉलरला वर्षाला 60 डॉलर, फक्त प्राथमिक किंवा फक्त हायस्कूलचं डिस्ट्रिक्ट असेल तर 30, कम्युनिटी कॉलेजला 25.

लक्षात घ्या, ही मर्यादा एका मेझरची आहे. दोन-तीन जुनी मेझरं चालू असतील तर ती एकावर एक चढतात. शिवाय ही मर्यादा मंजुरीच्या वेळच्या अंदाजावर बघितली जाते. पुढे घरांच्या किमती अंदाजाप्रमाणे वाढल्या नाहीत तरी हप्ता द्यावाच लागतो, मग दर वर जातो.

माझ्या घराला किती पडेल?

झिलो या वेबसाइटवरची घराची किंमत विसरा. बिलावरची असेस्ड व्हॅल्यू घ्या, तिला एक लाखाने भागा आणि मेझरमध्ये दिलेल्या दराने गुणा. 12 लाख डॉलरची असेस्ड व्हॅल्यू आणि 60 चा दर असेल तर वर्षाला 720 डॉलर, महिन्याला 60. मालक राहत असलेल्या घराला 7,000 डॉलरची सूट मिळते ती धरली तर यातून चार डॉलर कमी होतात. चहाचे पैसे.

शेजाऱ्याचं घर अगदी आमच्यासारखंच आहे. त्याला आमच्या निम्म्याहूनही कमी कर कसा?

तो तुमच्या आधी आला. समजा त्याने 1995 मध्ये अडीच लाखाला घर घेतलं. 2 टक्क्यांनी तीस वर्षं वाढून त्याची असेस्ड व्हॅल्यू झाली साधारण साडेचार लाख. तुम्ही त्याच गल्लीत, त्याच नकाशाचं घर 15 लाखाला घेतलंत. 60 डॉलरच्या दराने त्याला पडतात सुमारे 272, तुम्हाला 900. मतपेटीत मात्र दोघांचं वजन सारखंच.

आपल्यातले बहुतेक लोक गेल्या दहा-पंधरा वर्षांत घर घेतलेले, म्हणजे या गणितात जड बाजूला आहेत. त्यात पुढचा प्रश्न मिळवा, म्हणजे चित्र पूर्ण होतं.

आमचं ग्रीन कार्ड आहे. किंवा अजून रांगेतच आहोत. मत देता येईल का?

नाही. बाँडच्या मेझरवर फक्त नागरिकच मत देऊ शकतात. एच-वन असो की ग्रीन कार्ड, घरपट्टी पूर्ण, मत शून्य. चांगली शाळा बघून घर घ्यायचं, त्या शाळेच्या इमारतीचा हप्ता भरायचा, आणि नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत मुलगा शाळेतून बाहेर. आमच्या घरी तंतोतंत असंच झालं. मुलगा किंडरगार्टनला गेला तेव्हा त्याचा वर्ग एका पोर्टेबल डब्यात, म्हणजे आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोलीत, होता. त्या लाकडी रॅम्पवरून मुलं पळाली की आतली फळ्याची ट्यूबलाइट थरथरायची. त्याच शाळेच्या बाँडवर मतदान झालं तेव्हा आम्ही रॅम्पच्या खाली उभे राहून पालकांना पत्रकं वाटली, पण मतपत्रिका काही आमच्या नावाने आली नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने 2016 मध्ये मुलं असलेल्या अ-नागरिक पालकांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायची परवानगी दिली. ती फक्त बोर्डाचे सदस्य निवडण्यापुरती आहे, बाँडला लागू नाही.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो. डीएमव्हीत लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईत "हो" दाबू नका. चुकून मतपत्रिका घरी आलीच तर ती भरून पाठवू नका. अ-नागरिकाने मत देणं म्हणजे पुढच्या नागरिकत्वाच्या अर्जावर स्वतःच्या हाताने पाणी सोडणं.

मताशिवाय हाती काय उरतं? बोर्डाच्या सभा. राज्याच्या ब्राउन कायद्याने त्या सगळ्यांना खुल्या असतात, देखरेख समितीच्याही. तिथे उभं राहून बोलायला कुणी नागरिकत्व विचारत नाही. आपल्या माणसांना बोलायचा संकोच वाटतो, पण माझा अनुभव असा की रिकाम्या सभागृहात एक नेमका प्रश्न विचारणारा माणूस बोर्डाच्या लक्षात राहतो.

भाड्याने राहतो, पण नागरिक आहे. मला काय त्याचं?

तुमचं मत पूर्ण. बिल घरमालकाच्या नावाने येतं, आणि भाडं ठरवताना तो ते विसरत नाही.

पत्रकात लिहिलंय "कराचा दर वाढणार नाही". मग चिंता कसली?

हे वाक्य खोटं नसतं, पण अपुरं असतं. होतं काय की जुन्या बाँडचे हप्ते संपत येतात, दर खाली येणार असतो, आणि बरोबर त्या जागी नवा बाँड बसवला जातो. म्हणून दर आहे तिथेच राहतो. नवा बाँड नामंजूर झाला असता तर तुमचं बिल उतरलं असतं. गाडीचं कर्ज फिटायच्या महिन्यातच नवी गाडी घेतली तर "हप्ता वाढला नाही" म्हणता येतंच की.

यात वाईट काही नाही, जुनी शाळा दुरुस्त करावीच लागते. पण मतदाराला हे सरळ सांगायला काय हरकत आहे? टेक्ससमध्ये तर 2019 पासून शाळेच्या बाँडच्या मतपत्रिकेवर "ही मालमत्ता करातली वाढ आहे" असं वाक्य छापावंच लागतं. डॅलसकडच्या मित्राचं म्हणणं, ते वाक्य बघून निम्मे लोक पुढे वाचतच नाहीत. म्हणजे तिथे भीती जास्त, इथे साखर जास्त. कॅलिफोर्नियात मेझरच्या मजकुरात वर्षाला किती गोळा होणार, दर किती आणि किती वर्षं हे द्यावं लागतं. तेवढ्या तीन आकड्यांवर बोट ठेवा. बाकीचे शब्द, "सुरक्षित", "आधुनिक", "एकविसाव्या शतकाचे वर्ग", हे सल्लागाराने आधी फोनवर पाहणी घेऊन, कुठल्या शब्दाला लोक भुलतात ते बघून बसवलेले असतात.

व्याजासकट एकूण किती फेडतो आपण?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि तोच सगळ्यात आधी विचारायला हवा. ढोबळ हिशेब : 10 कोटी डॉलर, 4 टक्के व्याज, 30 वर्षं, दरवर्षी सारखाच हप्ता. हप्ता येतो सुमारे 58 लाख आणि एकूण परतफेड 17 कोटी 35 लाखांच्या आसपास. घराच्या कर्जासारखंच, एवढं समजण्यासारखं आहे.

न समजण्यासारखं काय ते सॅन डिएगोजवळच्या पोवे युनिफाइडने दाखवलं. 2011 मध्ये त्यांनी साडेदहा कोटी डॉलरचे कॅपिटल ॲप्रिसिएशन बाँड विकले. सुरुवातीची सुमारे वीस वर्षं एक पैसा द्यायचा नाही, व्याज मुद्दलात चढत राहणार, आणि शेवटी फेड 98 कोटींच्या घरात. मूळ रकमेच्या नऊपट. तेव्हाच्या घरमालकांवर बोजा नाही, सगळा पुढच्या पिढीच्या डोक्यावर. बोभाटा झाला तेव्हा 2013 मध्ये राज्याने कायदा केला : परतफेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त नको, आणि अशा रोख्यांची मुदत 25 वर्षांच्या पुढे नको.

म्हणून सभेत विचारायचं ते एवढंच : "व्याज दरवर्षी देणार की साठवणार? आणि एकूण परतफेडीचं मुद्दलाशी प्रमाण काय?" दुसरा आकडा पावणेदोन-दोनच्या आसपास असेल तर ठीक. तीनच्या पुढे गेला तर पुढचा प्रश्न तयार ठेवा.

या पैशातून पगार वाढवतात का?

शिक्षकांचे आणि प्रशासकांचे पगार देता येत नाहीत, प्रपोझिशन 39 मध्येच तशी बंदी आहे. बांधकाम, दुरुस्ती, जमीन, आणि वर्गांचं सामान-सुमान चालतं. सामान या शब्दात काय काय बसतं यावर वाद होतात. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने 2013 मध्ये बाँडच्या पैशातून विद्यार्थ्यांना आयपॅड द्यायचं ठरवलं, पुढच्याच वर्षी तो करार गुंडाळावा लागला. तीन-चार वर्षांत जुनं होणारं यंत्र तीस वर्षांच्या कर्जातून घ्यायचं का, हा प्रश्न कायद्याचा कमी आणि घर चालवण्याच्या अकलेचा जास्त.

चार खोल्या बांधायला इतका खर्च? आमच्या गावात एवढ्या पैशात कॉलेज उभं राहिलं असतं.

पुण्यातले लोकही हेच म्हणतात. पण इथे शाळेची इमारत साध्या इमारतीच्या नियमांनी बांधत नाहीत. 10 मार्च 1933 च्या संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला. सत्तर शाळा कोसळल्या. शाळा सुटून गेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. बरोबर एका महिन्यात, 10 एप्रिलला, फील्ड कायदा आला. तेव्हापासून सरकारी शाळेचा प्रत्येक नकाशा राज्याचं वास्तुविशारद खातं तपासतं आणि काम चालू असताना प्रमाणित निरीक्षक जागेवर हजर असतो. याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. भुज आणि किल्लारी आठवणाऱ्याला यावर घासाघीस करावीशी वाटणार नाही. घासाघीस करायची ती क्रीडांगणाच्या दिव्यांवर आणि सल्लागारांच्या बिलांवर.

राज्य सरकार काही देतं की नाही?

देतं, पण आधी तुमचे पैसे दाखवा म्हणतं. साधारणपणे नव्या बांधकामाला निम्मे आणि दुरुस्तीला 60 टक्के राज्याचे, गरीब डिस्ट्रिक्टना थोडं अधिक. हा पैसाही राज्यव्यापी बाँडमधूनच येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रपोझिशन 2 ने 10 अब्ज डॉलर मंजूर झाले, त्यातले साडेआठ अब्ज बारावीपर्यंतच्या शाळांना. मार्च 2020 मधलं 15 अब्जांचं मेझर मात्र पडलं होतं. त्याचा क्रमांक योगायोगाने 13 होता. मतदारांना 1978 चंच भूत परत आलंसं वाटलं असेल काय, अशी चर्चा तेव्हा बरीच झाली. राज्याच्या बाँडचा हप्ता राज्याच्या तिजोरीतून जातो, तुमच्या घरपट्टीत त्याची ओळ येत नाही.

इथेच विषमता शिरते. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये घरं महाग, तिथे थोड्या दरात भरपूर पैसा उभा राहतो, आणि त्याच्या जोरावर राज्याचा वाटाही मिळतो. सेंट्रल व्हॅलीतल्या शेतमजुरांच्या गावाने तोच 60 चा दर लावला तरी हाती येते चिल्लर. सिलिकॉन व्हॅलीच्या घरमालकाने कर जास्त म्हणून कुरकुर करावी, पण हेही लक्षात ठेवावं.

शाळांत मुलं कमी होताहेत म्हणतात. मग बांधकाम कशाला?

योग्य शंका. नव्या वर्गखोल्यांसाठी पैसे मागत असतील तर पटसंख्येचा पुढचा अंदाज मागा. पण बहुतेक मेझरं आता छप्पर, वातानुकूलन, जुन्या पाइपा आणि पोर्टेबल हटवण्यासाठीच असतात. चारशे मुलांची शाळा तीनशेची झाली काय किंवा दोनशेची, गळणारं छप्पर गळतंच.

पैसे कुठे गेले ते बघतं कोण?

देखरेख समिती. किमान सात जण : एक व्यापारी संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला, एक करदात्यांच्या संघटनेतला, एक डिस्ट्रिक्टमधला पालक, एक पालक-शिक्षक संघात काम करणारा पालक, बाकी सर्वसाधारण रहिवासी. डिस्ट्रिक्टचा नोकर किंवा कंत्राटदार चालत नाही. समितीला काम थांबवायचा अधिकार नसतो. तिचं हत्यार एकच, वार्षिक अहवाल. मी बसलो त्या एका सभेत सात खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या होत्या आणि प्रेक्षकांत मी आणि रखवालदार. जिमच्या फरशीच्या वाढीव बिलावर एका निवृत्त आजींनी सलग अकरा प्रश्न विचारले, आणि पुढच्या सभेत त्या बिलाची नवी फोड टेबलावर आली. जागा रिकाम्या असतात, अर्ज करा. करदात्यांच्या संघटनेचा माणूस मिळणं तर फारच कठीण जातं.

पार्सल टॅक्स आणि मेलो-रूस हेच का?

दोन्ही वेगळे. पार्सल टॅक्स बहुधा प्रत्येक मालमत्तेला ठरावीक रक्कम असतो, बंगला असो की टाउनहाउस. तो डिस्ट्रिक्टने आणला तर दोन-तृतीयांश मतं लागतात आणि त्यातून पगार देता येतात. मेलो-रूस हा 1982 च्या कायद्यातला खास कर, बहुतेक नव्या वसाहतींत असतो. नवं घर घेताना मॉडेल होमच्या झगमगाटात तो कागद वाचायचा राहतो आणि पहिल्या बिलाला धक्का बसतो. घर घ्यायच्या आधी हा आकडा लेखी मागा.

आई-वडील 65 च्या पुढचे, घर त्यांच्या नावावर. सूट मिळेल?

पार्सल टॅक्समध्ये बहुधा मिळते, पण अर्ज करावा लागतो, काही ठिकाणी दरवर्षी. बाँडच्या ओळीत वयाची सूट नाही.

आपल्याकडे असं काही आहे का?

पुणे महानगरपालिकेने 2017 मध्ये पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटी रुपयांचे रोखे काढले, पण पुणेकरांना मत विचारलं नव्हतं, तो निर्णय महापालिकेचा. महाराष्ट्रातल्या शहरी घरपट्टीत राज्याचा शिक्षण कर असतो, पण त्यातून आपल्याच गल्लीतली शाळा बांधली जाईल असं काही नाही. बाँडशी खरं नातं सांगते ती लोकवर्गणी. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली पडली की गावात फिरून पैसे गोळा करणं, देणाऱ्याचं नाव आणि रक्कम भिंतीवर रंगवणं. आमच्या आजोळच्या शाळेच्या ओट्याजवळ आजोबांच्या नावापुढे 51 रुपये आहेत. त्यात एक सोय होती, न देणाऱ्याचं नावही सगळ्यांना कळायचं.

मुलं शिकून गेली. आता अजून किती वर्षं भरायचं?

शेवटची सीरीज फिटेपर्यंत. डिस्ट्रिक्टच्या आर्थिक अहवालात प्रत्येक सीरीजची शेवटची तारीख असते, ती शोधा. घर विकलं तर ओळ घराबरोबर जाते, नव्या मालकाच्या नव्या किमतीवर. मुलाच्या शाळेतला तो पोर्टेबल शेवटी निघाला, त्या जागी दोन मजली इमारत झाली. तेव्हा तो सॅन लुईस ओबिस्पोला कॉलेजात होता. आमच्या बिलावरची ती ओळ तो चाळिशीला येईल तोवर राहणार आहे. दोन वर्षांपूर्वी कम्युनिटी कॉलेजचं मेझर आलं, माझी पहिलीच मतपत्रिका. जेवणाच्या टेबलावर बिल आणि पत्रक शेजारी शेजारी ठेवून परतफेडीचं प्रमाण काढत बसलो होतो. बायको म्हणाली, "पंधरा वर्षं थांबलास, आता तरी पटकन खूण कर."